विट्यातून आलेल्या चाळीस जणी

“अकरा रुपये,” हेमा म्हणाली आणि हसली.

मी जेवता जेवता मान वर केली. तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. आदल्या दिवशी तिच्या वेबसाइटवरच्या जाहिरातींतून मिळालेले पैसे एका चौकोनात दिसत होते. अकरा रुपये चाळीस पैसे.

“श्रावणात एका दिवसाला साडेचारशे आले होते ना?” मी विचारलं.

“श्रावणात मंगळागौरी होत्या. आता पितृपक्ष चाललाय. पितृपक्षात कोण बाई उखाणा घ्यायला बसलीय?” तिनं मला आणखी एक भाकरी वाढली आणि लॅपटॉप मिटला. “भात घालू?”

मी भात नको म्हणालो. तिला मात्र काहीच वाटलं नव्हतं.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची आहे. हेमा आता नाही. येत्या दसऱ्याला तीन वर्षं होतील. ती असती तर तिनं ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली सांगितली असती, आणि माझी जास्त फजिती केली असती. पण आता मलाच सांगायला पाहिजे.

आम्ही विट्याचे. मी तिथं एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात बिल्टी लिहायचो. म्हणजे कुठल्या ट्रकात कोणाचा किती माल चढला त्याची पावती करायची. तेव्हा त्या कामाला बत्तीस वर्षं झाली होती. एक तारखेला पगार. एक तारखेला रविवार आला तर शनिवारीच. बत्तीस वर्षांत त्यात कधी खंड पडला नाही. त्यामुळं पैसा म्हटलं की तो दर महिन्याला तेवढाच आणि त्याच दिवशी येतो, एवढंच मला ठाऊक होतं.

हेमा घरी पिको-फॉल करायची. बावीस वर्षं तिनं पेठेतल्या दुकानदारांच्या साड्यांना फॉल लावले. डोळे चुरचुरायचे, मानेला पट्टा लागला होता. पण तिला उखाणे सुचायचे. साडीला टाके घालता घालता तिचे ओठ हलत असत. लेकीचं लग्न झाल्यावर तिनं कॉम्प्युटरचा क्लास लावला, आणि पुण्याला असलेल्या भाचीला फोनवर विचारून विचारून उखाण्यांची वेबसाइट काढली. लग्नाचे, हळदीकुंकवाचे, मंगळागौरीचे, डोहाळजेवणाचे, नवरीचे, नवरदेवाचे असे कप्पे केले होते. जिथं नाव घ्यायचं तिथं ती टिंबं टिंबं टाकायची. ज्या बाईला पाहिजे तिनं आपल्या नवऱ्याचं नाव त्यात घालावं.

चहात टाकलं आलं, उकळ्या आल्या दोन,
......रावांशी बोलताना बाजूला ठेवते फोन.

असे सहाशेच्या वर उखाणे होते. दोन वर्षांत पानांवर जाहिराती आल्या, आणि जाहिरातींचे पैसे बँकेत येऊ लागले. त्या वर्षी तिनं ठरवलं होतं की संक्रांतीचं हळदीकुंकू आणि पुढची लग्नसराई चांगली गेली की पिको-फॉल बंद करायचं. दुकानदाराला तिनं सांगूनही ठेवलं होतं, संक्रांतीनंतर साड्या पाठवू नका म्हणून. मशीन कोणाला द्यायचं तेही ठरलं होतं.

आणि मधेच हे अकरा रुपये.

दुसऱ्या दिवशी डबा खाल्ल्यावर मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तिची वेबसाइट उघडली. बाजूला एका प्रेशर कुकरची जाहिरात होती. जाहिरातीवर क्लिक झालं की पैसे मिळतात, हे तिनंच मला सांगितलेलं. मी कुकरवर क्लिक केलं. पान बंद केलं, पुन्हा उघडलं. आता एका गादीची जाहिरात होती. गादीवर क्लिक केलं. अर्ध्या तासात मी कुकर, गादी, इन्व्हर्टर आणि केसांचं तेल एवढं सगळं बघून घेतलं. ह्यात काही वावगं आहे असं मनातसुद्धा आलं नाही. घरातल्या माणसानं घरातल्या दुकानात गिऱ्हाईक व्हावं, तसं ते वाटलं.

त्या आठवड्यात दिवसाचे पैसे पन्नास-साठवर गेले. मला बरं वाटलं. हेमाला मात्र पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा आनंद झाला होता.

“अहो, हे बघा,” ती म्हणाली. वेबसाइट कुठल्या कुठल्या गावातून उघडली जाते, त्याची एक यादी तिला दिसायची. पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर नेहमीचेच. त्यांच्या खाली त्या दिवशी होतं, विटा, एकोणीस.

“आपल्या गावातून एकोणीस जणी आल्या.”

तिचा चेहरा मी अजून विसरलो नाही. आमच्या गल्लीत तिच्या ह्या उद्योगाला कोणी किंमत देत नसे. शेजारच्या पाटणकरवहिनी तर तोंडावर म्हणायच्या, “हेमा, दिवसभर त्या डबड्यापुढं बसून डोळे घालवशील. उखाणे काय यंत्रातनं काढायचे असतात होय?” आणि हळदीकुंकवाला त्यांनाच उखाणा आठवायचा नाही. मग हेमाच त्यांच्या कानात सांगायची. परगावच्या बायका तिचे उखाणे घेत होत्या आणि गावातल्या हसत होत्या, हे तिला लागायचं. बोलून दाखवायची नाही एवढंच.

कॉम्प्युटर माणसं मोजत नव्हता, पान कितीदा उघडलं ते मोजत होता. हे तिलाही तेव्हा नीट कळत नव्हतं आणि मला तर नव्हतंच. एवढं मात्र मला त्याच क्षणी कळलं की त्या एकोणीस जणी म्हणजे मी आहे. सांगायला तोंड उघडलं आणि पाणी प्यालो.

तिथंच मी थांबायला हवं होतं. पण थांबलो असतो तर तिच्या यादीतून विटा गेलं असतं. म्हणून मी थांबलो तर नाहीच, मुल्लालाही बरोबर घेतलं.

यासीन मुल्ला गोदामात माल उतरवून घ्यायचा. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, बोलायला मोकळा. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “तारळेकर, वहिनींच्या हातच्या पुरणपोळ्या मी दहा वरसं खाल्ल्या. एवढं बोट दाबायला काय जातंय?” मग तो त्याच्या वेळेला आणि मी माझ्या वेळेला. मी आपला क्लिक करून मोकळा व्हायचो. मुल्ला वाचत बसायचा. एकदा त्यानं विचारलं, “एवढं सगळं लिव्हलंय, पण भालचंद्रराव कुठंच न्हाईत ह्यात?”

“टिंबं आहेत ना,” मी म्हणालो. “टिंबं म्हणजे मीच.”

“टिंबं समद्यांचीच हायत,” तो म्हणाला.

दिवाळीनंतर विट्याचा आकडा चाळीसवर गेला. हेमा रोज संध्याकाळी मला तो सांगायची. रस्त्यात एखादी बाई तिच्याकडे बघून हसली तर घरी येऊन म्हणायची, चाळिसांतली एक ही असणार. एकदा ती म्हणाली, “एक गंमत बघा. रविवारी विट्यातून एखाददुसरीच येते. बरोबरच आहे. रविवारी नवरा आणि पोरं घरात, बायकांना कुठली सवड?”

रविवारी आमचं ऑफिस बंद असायचं. मी मान डोलावली. ती मान डोलावलेली मला पुढं फार महाग पडली.

जानेवारी लागला. संक्रांत आठ-नऊ दिवसांवर आली होती. दुपारी ऑफिसात तिचा फोन आला. ती ऑफिसात कधी फोन करायची नाही. जरा लवकर येता का, एवढंच म्हणाली.

घरी आलो तर ती खुर्चीत सरळ बसलेली. मशीनवर एक हिरवी साडी अर्धी शिवून पडली होती.

“जाहिराती बंद केल्या त्यांनी,” ती म्हणाली.

जाहिरातवाल्या कंपनीचं पत्र आलं होतं, इंग्रजीत. शब्दकोश घेऊन तिनं त्याचा अर्थ लावला होता. वेबसाइटवरच्या जाहिरातींवर खोटे क्लिक होत आहेत, म्हणून खातं बंद करण्यात येत आहे. आपलं म्हणणं एकदाच मांडता येईल. त्यात काय घडलं ते खरं लिहावं.

“कोणीतरी माझ्यावर डूख धरून केलंय हे,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुठल्या उखाणेवालीनं केलं असेल. मी लिहिते त्यांना. मी बावीस वर्षं कष्ट केलेली बाई आहे, माझ्या घरात असलं कोणी करणार नाही.”

तिनं निम्मं लिहूनही ठेवलं होतं. अजून पाठवलं नव्हतं.

मी हातपाय धुवायला मोरीत गेलो. पाय धुऊन झाले तरी तांब्या हातात धरून उभा राहिलो. नाही सांगितलं, तर ती मनापासून खोटं लिहून पाठवणार होती, आणि संधी एकच होती. सांगितलं, तर पैशाचं एक वेळ जाऊ दे, तिच्या चाळीस जणी जाणार होत्या. पैशापेक्षा मला त्याचीच भीती वाटत होती.

बाहेर येऊन मी म्हणालो, “ते लिहिलेलं पुसून टाक.”

“का?”

“ते क्लिक मी केलेत.”

तिला आधी समजलंच नाही. मग तिनं एकेक प्रश्न विचारला. कधीपासून. पितृपक्षापासून. कुठून. ऑफिसातून. एकट्यानंच. मी आणि मुल्लानं. ती बोटानं टेबलावर काहीतरी मोजल्यासारखं करत होती.

“म्हणजे विट्यातल्या त्या चाळीस...”

“मी आणि मुल्ला,” मी म्हणालो.

“चाळीसच्या चाळीस?”

“हो.”

“म्हणजे रविवारचा आकडा तेवढा खरा होता,” ती म्हणाली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, मशीनवर बसली आणि हिरवी साडी पुरी केली. मग पेठेत जाऊन दुकानदाराला सांगून आली की साड्या पाठवत राहा.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. जेवायला या, गॅस संपत आलाय, लेकीचा फोन आला होता. मी सोयाबीनची भाजी खात नाही हे तिला लग्नापासून माहीत. दोन्ही दिवस डब्यात सोयाबीन होतं. मी मुकाट्यानं खाल्लं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुल्ला घरी आला. पेरूची पिशवी घेऊन दारातच उभा राहिला.

“वहिनी, तारळेकरांनी सांगितलं म्हणून नव्हं, मी माझ्या मनानंच आलोय. चूक माझीबी हाय.”

हेमानं त्याला बसायला सांगितलं. चहा ठेवला. चहा देताना तिनं त्याला अगदी शांतपणे विचारलं, “मुल्लाभाऊ, तुम्ही नुसतंच क्लिक करत होता, की काही वाचतही होता?”

“वाचत हुतो की. तेवीस पाठ हायत.”

“थापा मारू नका.”

मुल्लानं कप खाली ठेवला आणि शाळेतल्या पोरासारखा सरळ बसून म्हणाला, “चहात टाकलं आलं, उकळ्या आल्या दोन, शबानाबीशी बोलताना बाजूला ठेवतो फोन.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “मी तिच्याम्होरं एकदा म्हणून दाखवला. लगीन झाल्यापासनं ती पैल्यांदा लाजली, वहिनी. आता तिच्या बहिणींना लिहून देत बसलीया.”

हेमाला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मुल्ला माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते, पण हातात चिवड्याची बशी होती.

“चाळिसांतला एक तरी खरा निघाला,” ती म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली नाही.

तो गेल्यावर तिनं लॅपटॉप उघडला. मला शेजारी बसा म्हणाली. “तुमचं पूर्ण नाव इंग्रजीत सांगा. बिल्टीवर सही करता तसं.”

मी एकेक अक्षर सांगितलं, तिनं एकेका बोटानं ते लिहिलं. शब्दकोश मांडीवर, चष्मा नाकावर. पुरा तास गेला. मग तिनं ते मला मराठीत करून वाचून दाखवलं.

“साहेब, हे क्लिक माझे पती भालचंद्र विष्णू तारळेकर यांनी केले. त्यांच्या एका मित्रानेही केले. घरच्यांनी क्लिक करायचे नाहीत हा नियम त्यांना माहीत नव्हता. पितृपक्षात मला एका दिवशी अकरा रुपये मिळाले, तेव्हा त्यांना वाटले की मी दुःखी आहे. मी दुःखी नव्हते. माझा धंदा सणावारांवर चालतो, तो खाली-वर होणारच. पण माझ्या पतींना बत्तीस वर्षे एक तारखेला पगार मिळतो, म्हणून त्यांना हे समजत नाही. ते पुन्हा असे करणार नाहीत. मी त्यांच्यावर लक्ष ठेवीन.”

“एवढं सगळं कशाला लिहायचं?” मी म्हणालो. “तिथं कोण वाचणार हे?”

“खरं लिहा म्हणालेत,” ती म्हणाली. “सहाशेच्या वर उखाणे लिहिले, सगळ्यांत टिंबं. तुमचं नाव आज पहिल्यांदा लिहिलं मी.”

मी तिच्या मांडीवरचा शब्दकोश उचलून मिटून ठेवला.

“यमक नाही जुळलं,” ती म्हणाली, आणि तिनं ते पाठवून दिलं.

संक्रांत आली. रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू चाललेलं, वेबसाइटवर बायकांची रीघ लागलेली, आणि पानांवर एकही जाहिरात नाही. एक पैसा येत नव्हता. हेमा तरीही रोज दोन नवे उखाणे टाकत होती. दिवसा साड्या, संध्याकाळी उखाणे. पैसे येत नाहीत तर थोडी विश्रांती घे, असं मी म्हणून बघितलं. ती म्हणाली, बायका उखाणा बघायला येतात, जाहिरात बघायला येत नाहीत.

मी वेबसाइटकडे फिरकतही नव्हतो. मुल्लानंही हात आखडला होता. पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी तिनं मला हाक मारली.

“अहो, विटा. तीन.”

“मी नाही,” मी घाईघाईनं म्हणालो. “लेकीची शपथ. मुल्लाही नाही, तो आज मिरजेला गेलाय.”

“माहीत आहे मला.” ती त्या तीनच्या आकड्याकडे बघत होती. चाळीसचा आकडा बघताना ती जितकी खुलायची, त्याहून तेव्हा जास्त खुलली होती. “तीन बायका आहेत ह्या गावात,” ती म्हणाली. “कोण असतील हो?”

आम्ही तासभर तर्क करत बसलो. एक शबाना असणार. दुसरी तिला पोस्टातली एक मुलगी वाटत होती. तिसरी कोण ते काही ठरेना. मी चेष्टेनं पाटणकरवहिनींचं नाव घेतलं, तर तिनं मला उशी फेकून मारली. पुढच्या हळदीकुंकवाला पाटणकरवहिनींनी कोणाच्या मदतीशिवाय उखाणा घेतला. हेमानं तो चार दिवसांपूर्वीच लिहिला होता. दोघी एकमेकींकडे न बघता तिळगूळ खात होत्या, असं तिनं घरी येऊन सांगितलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर कंपनीचं पत्र आलं. दोनच ओळी होत्या. खातं पुन्हा सुरू करण्यात येत आहे. कोणी वाचलं असेल, काय वाटलं असेल, कोण जाणे. लग्नसराई हाती लागली, पण संक्रांत गेली ती गेली. त्यामुळं हेमाला आणखी एक वर्ष पिको-फॉल करावं लागलं. ते वर्ष माझ्यामुळं गेलं. तिनं ते मला एकदाही ऐकवलं नाही. सोयाबीन मात्र अधूनमधून व्हायचं.

एप्रिलच्या एक तारखेला मी कामावरून आलो, माझं पगाराचं पाकीट देवापाशी ठेवलं, तर तिथं आधीच एक पाकीट होतं. वर तिच्या अक्षरात ‘पगार’ असं लिहिलेलं.

“हे काय?”

“वेबसाइटचे,” ती म्हणाली. “आता दर एक तारखेला एवढेच मिळतील. कमी नाही, जास्त नाही. श्रावणातलं, लग्नसराईतलं जास्तीचं मी बँकेत मागं ठेवणार आणि पितृपक्षात त्यातलं काढणार. ह्यापुढं रोजचा आकडा तुम्ही बघायचा नाही. खाली-वर काय ते मी बघेन. तुम्हाला एक तारीख लागते ना, ती घ्या.”

मी पाकीट उघडून बघितलं नाही. दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली आणि नमस्कार केला. ती शेवटपर्यंत दर एक तारखेला ते पाकीट ठेवत होती. दवाखान्यात होती त्या महिन्यात तिनं लेकीकडून ठेवून घेतलं.

आता वेबसाइट मी बघतो. मला उखाणे सुचत नाहीत. बायका पाठवतात ते टाकतो, टिंबं नीट पडलीत का ते तपासतो. एक तारखेला बँकेतून तेवढेच पैसे काढतो, पाकिटात घालतो आणि देवापाशी ठेवतो. मागच्या पितृपक्षात एका दिवशी नऊ रुपये आले. मी एकटाच स्वयंपाकघरात उभा राहून हसलो. मग मुल्लाला फोन करून सांगितलं, तोही हसला.

रोज संध्याकाळी चहा झाला की मी आल्याच्या उखाण्याचं पान उघडतो. बाजूला जाहिरात असते. परवा कुकरची होती. हात मांडीवर ठेवून मी उखाणा वाचतो आणि पान बंद करतो. मग गावांची यादी बघतो.

आज विट्यातून चौदा होत्या. त्यातला एक मी. तो वजा केला. तेरा.